मोसमी भाजी: काळाचौकी विभाग

मोसम ओळखण्याची खरी खूण भाव. महिन्यापूर्वी जो जिन्नस पावकिलोने विचारावा लागत होता, त्याचे ढीग लावून "घ्या ताई, वाटा घ्या" अशी आरोळी सुरू झाली की मोसम आला असे समजावे. काळाचौकीत पंचांगापेक्षा ही खूण भरवशाची मानतात. बारा महिने मिळणारे कोबी, फ्लॉवर आणि सिमला मिरची यांची गणना येथे भाजीत होत नाही, नाइलाजात होते.

भाजीचे वर्ष मृगापासून धरावे. पहिल्या दोन-चार सरी पडल्या की कर्जत, कसारा, पालघरकडच्या बायका पहाटेच्या लोकलने दादरला रानभाज्या आणतात: टाकळा, फोडशी, कुर्डू, शेवळे. यांना कोणी खत घालत नाही, औषध फवारत नाही, मुळात कोणी पेरतच नाही. त्यामुळे सेंद्रिय की कसे हा वाद उद्भवत नाही. फोडशी कोवळी बघून घ्यावी. ती हुबेहूब गवतासारखी दिसते आणि नव्या जावयाला वाढल्यास गैरसमज होण्याचा संभव असतो. शेवळांचे प्रकरण याहून नाजूक आहे. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म, टोकदार स्फटिक असतात आणि ते घशाला खाजवतात. म्हणून वरचे आवरण सोलून आतला पिवळा भाग टाकतात आणि काकडे नावाची आंबट फळे किंवा चिंच घालून भाजी शिजवतात. भाजीवाली शेवळांच्या जुडीबरोबर काकडे देते ती उदारपणाने नव्हे, पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक परत यावे म्हणून. खाज सुटलेल्या माणसाला स्वयंपाकाला नावे ठेवता येत नाहीत, ही या भाजीची एक अनुल्लेखित सोय आहे.

भाद्रपदात भाजीचा आणि गणपतीचा संबंध येतो, आणि या भागात तो वाटतो त्याहून जुना आहे. लालबागच्या पेरू चाळीतला बाजार 1932 साली बंद पडल्यावर उघड्यावर बसणाऱ्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी कायम जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि 1934 साली लालबागच्या राजाची स्थापना झाली. म्हणजे ज्या रांगेत आज लोक तासन् तास उभे राहतात, तिच्या मुळाशी भाजी-मासळीच्या टोपल्या आहेत. त्या दहा दिवसांत मात्र शेजारच्या काळाचौकीकराला भाजी घेऊन घरी पोचणे हाच एक नवस होऊन बसतो. त्यातच चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमावर पिकलेले त्या दिवशी चालत नाही, म्हणून अळू, माठ, पडवळ, शिराळी, भोपळा अशा परसातल्या भाज्या एकत्र शिजवायच्या. परस नसलेल्या चाळीत त्या बाजारातूनच येतात. ट्रॅक्टरबद्दल शास्त्र गप्प आहे.

हिवाळ्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण तेव्हा सगळेच चांगले मिळते. मटार सोलायला माणसे लागतात आणि नेमकी तेव्हाच घरातली माणसे कामात असतात, एवढीच अडचण. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वांगी, गाजर, पावटा, हरभरा आणि बोरे तिळाच्या कुटासह भोगीच्या भाजीत पडली की थंडीचा हिशेब पुरा होतो.

आंब्याचे तसे नाही. आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीला उतरतो, पण काळाचौकीत त्याला पाहुणा समजतात. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशी पाच जिल्ह्यांची हद्द ठरली. काळाचौकीत ती हद्द खाणाऱ्याच्या गावच्या वेशीपाशी संपते. गिरण्यांचे भोंगे थांबले तरी गावची पेटी यायची थांबली नाही. ती खाटेखाली पेंढ्यात उघडतात आणि रोज सकाळी देठाशी वास घेण्याचे खाते घरातल्या ज्येष्ठांकडे असते. कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. तसला आंबा बाहेरून एकसारखा पिवळा असला तरी वासाला मुका आणि कापला की आंबट निघतो. पेंढ्यातल्या आंब्यावर हा आळ येत नाही. त्याचा दोष घरच्या नियमात आहे: डाग पडलेला आधी संपवायचा. परिणामी चांगला आंबा डाग पडेपर्यंत थांबतो आणि मगच ताटात येतो.

गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि त्यांच्याबरोबर पिशवीबंद सेंद्रिय भाजी आली. ती पारखण्याचे दोन लोकप्रिय उपाय आहेत आणि दोन्ही चुकीचे. अळी निघाली की भाजी सेंद्रिय, हा पहिला. अळी फवारलेल्या शेतातही निघते. माती लागलेली असली की सेंद्रिय, हा दुसरा. माती सगळ्याच शेतांत असते आणि वजनातही भरते. त्यापेक्षा पाकिटावर 'जैविक भारत' हे चिन्ह बघावे. त्यामागे प्रमाणपत्राच्या दोन पद्धती आहेत. एकीत त्रयस्थ संस्था तपासणी करते. दुसरीत एका गटातले शेतकरी एकमेकांच्या शेतात जाऊन पाहतात, नोंदी वाचतात आणि शंका विचारतात. ही दुसरी पद्धत काळाचौकीला समजावून सांगावी लागत नाही. तेथे जिन्यात भेटलेली शेजारीण आपणहून पिशवी उघडते, दोडका मोडून बघते, भाव विचारते आणि अभ्युदयनगरात पाच रुपयांनी स्वस्त होता असा निकाल देऊन वर जाते.