माईंनी दोर कापला

अहो, ऐकलंत का? समोरच्या माईंनी सुनेचा दोर कापला! हो हो, तोच, जांभळा-पिवळा, गॅलरीत सावलीला टांगलेला असतो तो. माईंना वाटलं, नुसताच पडलाय. विहिरीच्या पोहऱ्याला नवा दोर हवाच होता, काढली विळी आणि घेतला चांगला लांबलचक तुकडा. विळीनं लवकर कापतसुद्धा नव्हता म्हणे, तेव्हा तरी कळायला नको? संध्याकाळी सून आली, पोहऱ्याकडे बघितलं, गॅलरीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा खर्रकन उतरला... मी कुंपणाशी कढीपत्ता तोडत होते, म्हणून दिसलं. मुद्दाम काही थांबले नव्हते.

पण पोर शहाणी हो. एक शब्द बोलली नाही. दोर खाली घेतला, अंगणात सरळ पसरला, टेपनं मोजला आणि मधोमध काळ्या पेनानं नवी खूण केली. माई म्हणाल्या, "एवढं काय त्यात, दहा मीटर गेला तर? पन्नास आहे की अजून!" तेव्हा तिनं समजावलं. कड्यावरून उतरताना म्हणे दोर वरच्या कडीतून ओवतात आणि मधली खूण बरोबर कडीत आणतात, म्हणजे दोन्ही टोकं सारखी खाली येतात. एका टोकाचा दोर कापला गेला की जुनी खूण खोटी पडते. एक पदर आखूड, एक लांब. उतरणारा माणूस आखूड पदराच्या टोकाशी आला, टोकाला गाठ नसली, की... तिनं पुढचं सांगितलंच नाही. माईंच्या हातातली परात तशीच राहिली. रात्री जेवल्या नाहीत, असं त्यांची कामवाली सांगत होती.

तर काय सांगत होते, ही सून. पुण्याची, आयटीतली, त्यातून रॉक क्लायंबिंगवाली. माईंच्या मुलाचं आणि तिचं जमलंसुद्धा जीवधनाच्या पायथ्याशी, घाटघरला. आपण नाणेघाटात जातो कशाला? पावसात भिजायला, कणीस खायला, नाहीतर मुलांना नागनिकेचा शिलालेख आणि तो जकातीचा रांजण दाखवायला. समोर जीवधन आणि त्याच्या कडेला एकटी उभी वानरलिंगी, तिच्याकडे बघून "अगंबाई!" म्हणायचं आणि गाडीत बसायचं. साडेतीनशे फुटांहून उंच आहे हो ती. हे लोक तिच्या डोक्यावर जाऊन बसतात! जीवधनाच्या पायऱ्या इंग्रजांनी 1818 साली सुरुंग लावून उडवल्या, तर तिथं खोबण्यांत बोटं घालून चढताना आमच्या ह्यांचा बीपी वाढला होता. आणि ही पोर सुळक्यावर!

पण वानरलिंगीला हल्ली फार गर्दी, म्हणते. म्हणून यांच्या ग्रुपनं नवी जागा शोधली. कुठं? आता बघा, तिनं सगळ्यांना शपथ घातली होती की नाव बाहेर जाता कामा नये. आणि माईंच्या ह्यांनी काय करावं? सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर फोटो, खाली कड्याचं नाव, गावाचं नाव, वर तीन टाळ्या! सुनेनं पाहिलं तेव्हा काका भजी खात होते, घास तोंडातच राहिला. लगेच डिलीट केलं, पण मी तेवढ्यात वाचलं होतं. मी कुणाला नाही सांगितलं हं. शेजारच्या ताईंना तेवढं, आणि दूधवाल्याला. तुम्हालाही नेमकं नाही सांगणार. इकडे दुर्ग-ढाकोबा आणि तिकडे आहुपे, त्या पट्ट्यात कुठंतरी समजा. जुन्नर कुठं संपतं आणि आंबेगाव कुठं लागतं ते तिथल्या म्हशींनाही माहीत नसेल. सह्याद्रीची धार, पलीकडे एकदम खोल कोकण, मुरबाडची गावं. पाऊस ओसरल्यावर, थंडीतच जायचं. पावसाळ्यात त्या निसरड्यावर उभंसुद्धा राहवत नाही.

तर मग दोर कापल्याचं प्रायश्चित्त म्हणून असेल, माई म्हणाल्या, "मी येणार बघायला." सगळे गप्पच! पण गेल्या. घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वर. तिथं माईंनी गाडी थांबवायला लावली. त्यांचं माहेर जुनं आंबेगाव ना, ते आख्खं त्या धरणात गेलं. तालुक्याला नाव आंबेगावचं, कचेरी घोडेगावला, आणि मूळ गाव पाण्याखाली. धरणाला बाबू गेनूंचं नाव दिलंय, म्हाळुंगे पडवळचे आपले, 1930 साली मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीखाली गेले ते. माई थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "चला, ऊन चढतंय."

आता खरी गंमत ऐका. वर ज्या घरी उतरले तिथल्या आजी महादेव कोळ्यांच्या, सगळं आयुष्य त्या डोंगरात हिरडा गोळा करण्यात गेलेलं. पुण्याच्या पोरांनी मोबाइलवर फोटो काढून त्यावर लाल रेघ मारली होती, इथून चढायचं म्हणून. आजींनी फोटो बघितला नाही. कड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तिथं आग्या बसलंय." दुर्बीण लावली, तर रेघेच्या बरोबर शेजारी ही एवढाली पोळी! एक पोरगा तर सेंट मारून आला होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. सेंट, धूर, आरडाओरडा, आग्या माश्यांना काही चालत नाही, आणि दोरावर लटकलेला माणूस पळणार कुठं? आजींनीच मग दुसरी बाजू दाखवली. माई हे सांगताना इतक्या खुलल्या होत्या, जणू स्वतःच दाखवली.

आणि चढण्याचं म्हणाल, तर माई म्हणतात, फारच सावकाश चालतं बाई. मला वाटायचं सरसर जात असतील. छे! आपला सगळा कातळ लाव्हाचा, थरावर थर बसलेला. एक थर टणक, मग मध्ये भुसभुशीत पट्टा, त्यावर वाळकं गवत. तिथं हात टाकला की मातीच हातात येते. सून प्रत्येक दगड आधी मुठीनं ठोकत होती, आपण मडकं घेताना वाजवून बघतो तसा. पोकळ वाजला की सोडला. पक्का लागला की छोट्या हातोडीनं मेख मारायची, तीत कडी, कडीत दोर, मग पुढचं पाऊल. खाली दोर कोण धरणार, तर नवरा! माई ओरडल्या, "अगं, याला दुधाची पिशवी धरता येत नाही नीट!" पण तो म्हणे मान वर करून उभाच, फोन वाजला तरी खिशात हात गेला नाही. "माझ्या पोराला एवढं लक्ष देऊन उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं," हे माईंचे शब्द, माझे नाहीत.

तुकड्याचं काय झालं विचाराल, तर तो विहिरीवरच आहे. सुनेनं नवा दोर मागवलाय, जुना आता सरावाला. आणि माई आता येईल-जाईल त्याला "मधली खूण, मधली खूण" सांगत सुटल्यात. काल पोस्टमनला सांगितलं!

माझं विचाराल तर आपल्या उशाशी एवढे कडे आहेत आणि आपल्याला भज्यांच्या गाड्या तेवढ्या पाठ. जा की तुम्हीही एकदा. चढू नका, नुसतं बघा. पण स्पीकर घरी ठेवा, भाकरी हवी तर आजींच्या घरी आदल्या दिवशी सांगा आणि पैसे रोख द्या, तिथं रेंज नसते. आणि परत येताना आमच्याकडे चहाला थांबलात, तर माईंसमोर जागेचं नाव काढू नका, कुणी सांगितलं म्हणून विचारतील.