एक्कावन्नाव्या मीटरवरून मुख्याध्यापकांस अनावृत पत्र

मेहेरबान मुख्याध्यापकसाहेब यांचे सेवेशी,

सादर प्रणाम, विनंती विशेष. आपल्या प्रशालेच्या फाटकापासून टेप लावून मोजलेल्या एक्कावन्नाव्या मीटरवर ज्याचे दुकान आहे, अशा एका सामान्य व्यापाऱ्याने आपल्यासारख्या विद्याव्यासंगी पुरुषास जाहीर पत्र लिहावे, हा मर्यादाभंग आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु ज्यांच्या कृपाछायेखाली आपला प्रपंच चालतो, त्यांचे ऋण एकदा तरी चारचौघांत मान्य करावे, ही आमच्या बाजारपेठेचीही रीत आहे. अंतराचा उल्लेख हेतुपुरस्सर केला. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2020 साली जे विनियम केले, त्यांनुसार चरबी, मीठ वा साखर यांचा अतिरेक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. तो हुकूम कानी येताच मी कायद्याचा मान राखून दुकान हलविले आणि मुलांनी तेवढी पावले जादा चालून माझा मान राखला. शाळेच्या दिवसातील त्यांचा तेवढाच काय तो व्यायाम, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नव्हे.

त्यापूर्वी, 2017च्या मे महिन्यात, महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर आणि शीतपेये यांच्या जोडीला बिचाऱ्या गुलाबजामांना व पेढ्यांनाही हद्दपार केले, तेव्हा धंदा बसला अशी धास्ती मी घेतली होती. ती अनाठायी ठरली. जे गेले त्याच्या जागी शासनाने सुचविलेली इडली, पोळी किंवा नारळपाणी आपल्याकडे काही आले नाही. उपाहारगृहासच कुलूप लागून तेथे मोडकी बाके रचली गेली, आणि मधल्या सुट्टीची भूक शाळा सुटेपर्यंत तुंबून थेट माझ्या गल्ल्याशी येऊ लागली. याउलट नदीपलीकडील जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर माझ्या धाकट्या भावाने दुकान थाटले, त्याची अवस्था पाहवत नाही. तेथे पाचवीपर्यंतच्या मुलास 450 किलोकॅलरींचे व 12 ग्रॅम प्रथिनांचे, आणि सहावी ते आठवीच्या मुलास 700 किलोकॅलरींचे व 20 ग्रॅम प्रथिनांचे गरम जेवण दुपारी द्यावे असा सरकारी दंडक आहे, आणि दुर्दैवाने तेथील बाई तो पाळतात. मटकीची खिचडी चाटूनपुसून खाल्लेले पोर पाच रुपयांच्या पुडीकडे ढुंकूनही पाहत नाही.

पण साहेब, खाण्याचा विषय गौण. माझी खरी कृतज्ञता आपल्या क्रीडाविषयक धोरणाबद्दल आहे. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेस क्रीडांगण असावे असे लिहिले आहे, आणि आपल्या शाळेस ते आहे, ही गोष्ट कोणीही येऊन तपासावी; त्यावर शाळेच्या बसगाड्या उभ्या असतात आणि लग्नसराईत मांडव असतो, हा तपशील झाला. पी.टी.चा तास आठवड्यातून दोनदा वेळापत्रकात छापलेला असतो, पण दहावीचा तो तास गणितास बहाल होतो, नववीचा विज्ञानास, आणि उरलेल्या वर्गांस, पी.टी.चे सर मतदारयाद्यांच्या कामगिरीवर रवाना झालेले असल्याकारणाने, हाताची घडी घालून बसण्याकरिता मिळतो. पाच ते सतरा वयाच्या मुलाने दररोज सरासरी 60 मिनिटे तरी चांगला दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. त्या संघटनेस आपल्या शाळेचा निकाल लावायचा नाही, हे उघड आहे.

जेव्हा खेळ होतात तेव्हाही ते ज्या कुशलतेने होतात, तिची तारीफ करावी तेवढी थोडी. जिल्ह्याची ढाल आणायची म्हणून खो-खोसाठी मूठभर चपळ मुले निवडली जातात, सकाळी सहापासून तीच पळतात, संध्याकाळी तीच पळतात, आणि ज्यांना पळण्याची सर्वांत अधिक गरज ती बाकीची मुले कडेला बसून टाळ्या वाजवितात. सातवीतील एक मुलगा, अंगाने थोराड, दरवर्षी गुण मांडावयास बसविला जातो. आरोग्यतपासणीत वर्गासमोर त्याचे वजन मोठ्याने पुकारले गेल्यापासून त्याचे खरे नाव फक्त हजेरीपटावर उरले आहे. तो सगळी पोरे पांगल्यावर दुकानी येतो, दोन पुड्या घेतो, आणि बर्फाच्या पेटीमागे, रस्त्याकडे पाठ करून, त्या घाईघाईने संपवितो; मग तोंडाभोवतीचा मसाला बाहीने पुसून कागद पुन्हा माझ्याच हाती देतो, कारण दप्तरात तो सापडता कामा नये. कोणत्याही कंपनीची कोणतीही जाहिरात असे निष्ठावंत गिऱ्हाईक घडवू शकली नसती. ते शाळेनेच घडवावे लागते.

तसेच पाण्याचे. आपल्या पाणपोईस चार नळ आहेत. दोहोंच्या तोट्या गेलेल्या, तिसऱ्याखाली शेवाळ इतके की पाय ठरत नाही, आणि चौथ्यासमोर जी रांग लागते तिच्यात आठवीतल्या दांडगटांपुढे तिसरीतल्या पोराचा निभाव लागत नाही. सुकल्या घशाने सुटलेल्या मुलास 250 मिलीलिटरची गार बाटली, म्हणजे सुमारे सहा-सात चमचे साखर, विकण्यास कसब लागत नाही. मी मात्र सावध माणूस. जर्मनीतील डॉर्टमुंड व एसेन या शहरांतील प्राथमिक शाळांत पिण्याच्या पाण्याची कारंजी बसवून, मुलांना बाटल्या व पाण्याविषयी चार पाठ देऊन पाहिले, तेव्हा मुले रोज पेलाभर पाणी अधिक पिऊ लागली आणि वर्षभरात त्यांच्यातील जादा वजनाचा धोका 31 टक्क्यांनी घटला, असे 2009 साली प्रसिद्ध झाल्याचे वाचून माझी झोप उडाली होती. शीतपेयांचा खप त्यामुळे म्हणण्यासारखा उतरला नाही, एवढाच काय तो दिलासा. तरी चार तोट्या आणि एक मोरी घासणारा गडी एवढ्या अल्प खर्चात जे साधते, ते भाषणस्पर्धांनी साधणाऱ्यातले नव्हे. सबब त्याविषयी मला भय वाटते.

एक तक्रारही नोंदवितो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2025च्या मे महिन्यात आपल्या संलग्न शाळांस साखरफलक लावण्यास फर्माविले. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या आहारात फार तर 5 टक्के ऊर्जा साखरेतून यावी, तेथे ती 13 टक्के येते, असा त्यामागील युक्तिवाद. आपणही तसा फलक आणवून तो ढालींच्या कपाटामागे लावलात, येथवर सर्व यथास्थित होते. परंतु सहावीच्या एका बाईंनी तो उतरवून वर्गात नेला आणि रिकाम्या बाटल्या मांडून मुलांकडून त्यावर गणिते करवून घेतली. दुसऱ्याच दिवशी एका चिमुरडीने बाटलीवरचा बारीक मजकूर डोळ्यांशी धरून वाचला, ग्रॅमांस चाराने भागले, आणि ‘काका, यात साडेसहा चमचे आहेत’ असे म्हणून बाटली परत ठेवली. तिच्यामागे चौघी होत्या. त्या बाईंकडे या वर्षी वाढदिवसाला चॉकलेटे वाटण्याऐवजी वर्गाच्या वाचनालयास पुस्तक देण्याचीही टूम निघाली आहे. अशा शिक्षिकांस वेळीच परीक्षाविभागात हलविणे इष्ट.

वस्तुतः काळ आपणा उभयतांस अनुकूल आहे. 5 ते 19 वयोगटात जगभर लठ्ठ मुलांचे प्रमाण 9.4 टक्के, आणि वजनाने कमी असलेल्यांचे 9.2 टक्के झाल्याचे युनिसेफने 2025 साली जाहीर केले. शाळेने काहीही नवे करू नये, एवढेच मागणे आहे: मैदानावरील बसगाड्या हलवू नयेत, सगळ्या मुलांना घाम येईल असा तास रोज ठेवू नये, आणि उपाहारगृहाचे कुलूप काढून त्यात उसळ शिजवू नये. स्नेहसंमेलनातील अल्पोपाहाराचा ठेका यंदाही आमच्याकडेच राहावा. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपला कृपाभिलाषी,
एक्कावन्नाव्या मीटरवरील दुकानदार

ताजा कलम : येत्या पालकसभेत कोणी नळांच्या तोट्यांचा विषय काढलाच, तर तो पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्याची मेहेरबानी व्हावी.