तांदळाच्या डब्यातले चाळीस हजार

आमच्या आणि शेजारच्यांच्या मधली वई आता नावापुरतीच उरली आहे. अडुळसा माजलाय, आणि त्यात बरोबर मधोमध एक भोक पडलंय. त्या भोकातून विरजण, कढीपत्ता, वाचून झालेला पेपर आणि गावच्या बातम्या ये-जा करतात. परवा सकाळी सहाला तिथून शेजारणीचा मोबाइलच आला.

"काकू, चष्मा लावलाय ना? वाचा जरा."

बँकेचा मेसेज होता. पाच तारखेचा हप्ता परत गेला म्हणून पाचशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी. एकूण 590.

"आणि ज्यांचं कर्ज आहे ते वेगळे लावतात. तेही 590. वर्ष झालं, दर महिन्याला हा नैवेद्य ठरलेला."

मी वईपाशीच बोटं मोजली. महिन्याचे 1,180 म्हणजे वर्षाचे 14,160. "अगं, दोन-तीन चांगल्या मूर्ती की गं गेल्या!"

"गेल्या कुठल्या, काकू. विसर्जन झालं."

हिच्या नवऱ्याचा कारखाना आहे. बाहेरगावच्या माणसाला कारखाना म्हटलं की धुराडं दिसतं, पण पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचा. माती, काथ्या, साचे, आणि आखणीला बसलेला एखादा कारागीर, ज्याच्याशी डोळे रेखताना कुणी बोलायचं नसतं. धुराडंवाला कारखाना हिच्या वाट्याला आलाय. ही रोज रोह्याला जाते, धाटावच्या एमआयडीसीत. तिथे एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. दुसऱ्यांचा ताळेबंद पैशापर्यंत जुळवते आणि संध्याकाळच्या गाडीने मायनस खात्याकडे परत येते.

गंमत अशी की घरात पैसा येत नाही असं नाही. हिचा पगार दर महिन्याच्या सात तारखेला. त्याचा पैसा वर्षातून एकदा, टेम्पो भरले की. खर्च मात्र दिवाळी झाली की सुरू होतो : माल, मजुरी, गोडाऊनचं भाडं. इसार म्हणून जे येतं ते रंगातच जिरतं. त्यात 2025 चा उन्हाळा आठवतो ना? पीओपीचं कोर्टात अडकलेलं. मूर्ती बनवायला परवानगी मिळाली जूनमध्ये, आणि गणपती होते 27 ऑगस्टला. तोवर कुणी इसाराला हात लावेना. तेव्हा उचललेलं हे कर्ज. हप्ता पाचला, पगार सातला.

"मग तारीख नाही का बदलून घेतलीस?"

"मला वाटलं ह्यांनी सांगितलं असेल. ह्यांना वाटलं मी."

दोन दिवसांचा फरक, आणि तो वर्षभर कुणी विचारला नाही! खातं दोघांचं, कुणीही काढावेत. सोमवारी त्याने शिल्लक बघून काथ्यावाल्याला दिले. मंगळवारी हिने, तीच शिल्लक मनात धरून, पोराच्या क्लासची फी भरली. एका खात्यात दोन माणसं हात घालतात आणि दोघांनाही आपलाच हात दिसतो. आमच्याकडे हे होत नाही, कारण आमच्या ह्यांना पासवर्डच आठवत नाही.

"तरी खरी गोष्ट पुढेच आहे," म्हणाली आणि भोकाजवळ सरकली. आवाज खाली. म्हणजे सासूबाई जाग्या असणार.

रविवारी तांदूळ निवडायला काढले तर डब्याच्या तळाशी पिशवीत चाळीस हजार! सासूबाईंचे. 2010 सालच्या सप्टेंबरात, गणपती उठल्याउठल्या, पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. हंगामाचा पैसा नुकता भरून बसलेल्यांनी सरळ डोक्याला हात लावला. यांचं त्या बँकेत काही नव्हतं, पण बाहेरची रांग सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा ठेवीवर विमा होता लाखाचा, आता आहे पाच लाखांचा. हे त्यांना किती वेळा सांगून झालंय. त्यांचं उत्तर एकच : "डब्याला निर्बंध नाहीत."

मग चौकशी वाढली. नवऱ्याची पाच हजारांची भिशी निघाली, हिला माहीत नसलेली. हिचे बचत गटात अठरा हजार निघाले, त्याला माहीत नसलेले. दोघांनी अडीअडचणीला म्हणून एकमेकांपासून लपवलेले. आणि अडचण दर पाच तारखेला दारात उभी!

मी म्हटलं, "तू रोज उतरतेस ते गाव कुणाचं? चिंतामणराव देशमुखांचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नोटांवर सही असलेला माणूस. त्या स्टेशनावर रोज उतरून तुला हप्त्याची तारीख कळू नये?"

"त्यांच्या सासूबाईंचा डबा नव्हता, काकू."

आता ठरलंय असं. हप्ता दहा तारखेला नेला. त्यासाठी एकच अर्ज लागला आणि दोघांच्या सह्या. कारखान्याचं खातं वेगळं काढलं, घराच्या खात्याला त्याने हात लावायचा नाही. भाद्रपदात पैसे आले की आधी बारा महिन्यांच्या हप्त्यांचे बाजूला, मग टीव्हीचं बोलायचं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्याची देणी लाल पेनाने, हिची निळ्याने. मी भोकातून मान घालून बघितलं. जूनचं पान नुसतं लालच दिसत होतं. पण निदान दिसत तरी होतं.

"आणि चाळीस हजार?"

"दिले ना सासूबाईंनी. पण उसने. भाद्रपदात परत करायचे."

"बरं झालं की मग."

"उशीर झाला तर पाचशे नव्वद म्हणाल्या."