आधी चहाचं काय ते ठरवा

वीगन व्हायचंय? बदामाचं दूध कुठे मिळतं ते नंतर बघा. आधी टपरीवरच्या चहाचं काय ते ठरवा.

नशिराबादच्या स्टॉपवर सकाळी साडेसातला कुणी ना कुणी हाक मारतोच. "ये रे भो, चहा घे." नको म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. शुगर निघाली म्हटलं तर चालतं. पित्त होतं म्हटलं तरी चालतं. नवस आहे म्हटलं तर हात जोडले जातात. पारडाच्या वाटणीचं दूध पिणं पटेना म्हणून सोडलं, असं म्हटलं की अख्खी टपरी टकमका बघत राहते.

शरीरासाठी सोडलेलं कळतं. देवासाठी सोडलेलं कळतं. मग जनावरासाठी सोडलेलं का कळू नये?

मी श्रावणात दूध सोडलं. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयाही होऊन गेली. आईने पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून विचारलं होतं, "दूध नही, दही नही, तूप नही. मंग खाशील काय?"

तू रोज जे करतेस तेच, आई.

हे सांगायला मला नऊ महिने लागले, कारण सुरुवातीला मीही दुकानंच धुंडाळत होतो. खोक्यातलं ओट्सचं पेय, सोयाचं पनीर, मांसासारखं दिसणारं काहीतरी. जळगावात एका ठिकाणी मिळालं, भाव ऐकून परत ठेवलं. त्या संध्याकाळी घरी कळण्याची भाकरी होती, मिरचीचा ठेचा होता आणि वर कच्चं शेंगदाणा तेल. ताटात दुधाचा थेंब नव्हता. रोजचंच ताट, पण इतक्या वर्षांत त्याकडे या नजरेने कधी पाहिलंच नव्हतं.

आता जरा आपल्याच चुलीकडे बघा. भरीत घ्या. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात बामणोदची हिरवट, जाडजूड वांगी खरपूस भाजायची, सालं काढून लाकडी मुसळीने ठेचायची. मग तेलात लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात. आपल्या भरतात दही पडत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून ते असंच आहे.

शेवभाजी? बेसनाची शेव, तेलाचा तवंग, काळा मसाला. पातोड्यांचा रस्सा, डाळ-गंडोरी, बिबड्या, घोटलेली वांग्याची भाजी, खिचडीवर लसणाच्या तेलाची फोडणी. खान्देशाचं अर्ध्याहून जास्त ताट आधीच वीगन आहे. हायवेच्या ढाब्यावर एवढंच सांगायचं: वरून बटर टाकू नका.

'वीगन' हा शब्द जन्मला १९४४ च्या नोव्हेंबरात. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांनी 'व्हेजिटेरियन' या शब्दाचं डोकं आणि शेपूट जोडून 'वीगन' केला. मधलं गाळलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: मांस सोडून दूध पिणारा माणूस अर्ध्या वाटेत थांबला आहे.

आपण तर त्या अर्ध्या वाटेवर घर बांधून राहिलो आहोत.

पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की आपलं मन शांत होतं. त्या ठिपक्यात दूध, तूप, लोणी, दुधाची पावडर सगळं बसतं. म्हणून नवख्याने ठिपक्यावर थांबू नये, पाठीमागची बारीक अक्षरं वाचावीत. वीगन पदार्थांसाठी सरकारने २०२२ साली वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं: हिरवा इंग्रजी 'व्ही' आणि त्यावर पान. गावच्या किराणा दुकानात ते शोधत बसू नका. डाळीच्या पोत्यावर चिन्हाची गरज नसते.

आता ज्याचा विषय काढला की पाहुणे उठून जातात, त्याकडे येऊ. म्हैस दूध देते, असं आपण म्हणतो. देते? म्हैस व्यायल्याशिवाय दूध येत नाही, आणि ते येतं पारडासाठी. पारडी झाली तर तिला जपतात, कारण उद्या तीही दूध देईल. रेडा झाला तर? त्याला पान्हा सोडण्यापुरतं थानाला लावतात आणि ओढून बाजूला बांधतात. मी हे लहानपणापासून पाहिलंय. दाव्याला ताण देऊन उभं असलेलं, बरगड्या मोजता येतील असं पिल्लू, आणि चार हातांवर भरलेली बादली. काही आठवड्यांनी दावं रिकामं दिसायचं. कुणी काही विचारत नसे. मीही विचारलं नाही.

आणि म्हैस आटली की ती कुठे जाते?

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे, गायीला ती आधीपासूनच होती. म्हशीला नाही. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या मोठ्या देशांत मोडतो. तो माल कुठून येतो? खास मांसासाठी म्हशी पाळणारा एक माणूस मला आपल्या तालुक्यात दाखवा. ती आपल्याच चहातली म्हैस आहे.

दुधासाठी छळ होतो हे मी शोधून काढलेलं नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं १२ वं कलम वाचा. फुंका घालणं (दूध निघावं म्हणून जनावराच्या योनीत हवा फुंकणं), दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं इंजेक्शन टोचणं, याला शिक्षा सांगितली आहे. कायद्यात कलम उगाच येतं का?

याच फुंक्याबद्दल वाचून गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. पुढे १९१८ च्या मोठ्या आजारपणात मरणाच्या दारात असताना त्यांनी शेळीचं दूध घेतलं. प्रतिज्ञा करताना मनात गाय आणि म्हैस होती, म्हणून शेळी चालेल, अशी पळवाट काढून. आणि ती पळवाट होती हे त्यांनी आत्मकथेत स्वतः कबूल केलं. मला ती कबुली प्रतिज्ञेहून मोठी वाटते.

हेच गांधीजी डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला आले, काँग्रेसच्या खेड्यात भरलेल्या पहिल्या अधिवेशनाला. जळगावात जैन हिल्सवर गांधीतीर्थ उभं आहे, शाळांच्या सहली तिथे जातात. चरखा दाखवतात, चष्मा दाखवतात. या दुधाच्या गोष्टीबद्दल किती मुलं विचारत असतील?

नवख्यासाठी गांधीजींची ती कबुली कामाची आहे. पाहुण्यांकडे पेढा हातात आला आणि खाल्ला गेला, तर सगळं संपलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू करा.

"बैलाने नांगरलेल्या शेतातली ज्वारी चालते का रे मग?" हा प्रश्न प्रत्येक पंगतीत येतो. चालते. शक्य आहे तितकं टाळायचं, एवढंच वीगन माणूस म्हणतो. सगळं जमत नाही म्हणून काहीच करायचं नाही, हे तत्त्व आपण आणखी कुठे लावतो? हुंडा बंद होत नाही म्हणून आपणही घ्यावा का?

मात्र एक प्रश्न मला गप्प करतो. गल्लीतल्या काकांच्या दोन म्हशी आहेत. ते म्हणाले, "माह्या म्हशी सोडून देऊ का मंग?" त्यांच्या मुलीचं शिक्षण त्या दोन म्हशींवर चाललंय. मी त्यांना काय सांगणार? सोडा असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण दुधावर प्रेम करणाऱ्यांनी तरी त्यांना काय दिलं? जुलै २०१८ मध्ये भावासाठी आंदोलन झालं, तेव्हा शेतकऱ्याने दूध रस्त्यावर ओतलं. शहरात हळहळ झाली ती दूध वाया गेलं म्हणून. माझ्यामुळे काकांचं गिऱ्हाईक एकाने कमी झालं, हे खरं आहे आणि मला ते बोचतं. पण लिटरमागे दोन रुपये वाढले की कपाळाला आठ्या पाडणाऱ्यांनी मला शेतकऱ्याचा कळवळा शिकवू नये.

बरं, प्रोटीनचं काय?

मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सातएक ग्रॅम प्रथिनं. कपभर दुधात पाच-सहा. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर सालासकट उडीद असतो. ज्वारीत जे कमी, ते उडदात भरपूर. ही जोडी आपल्या आज्यांनी कुठल्याही तक्त्याशिवाय जमवली. डाळ मिलच्या जळगावात बसून प्रथिनांची चिंता करायची? कॅल्शियमची मात्र करा. नाचणी आपल्याकडे फारशी खात नाहीत, ती आणा, १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तीळ, राजगिरा आणि दारातल्या शेवग्याचा पालाही आहे.

आता थट्टा न करता ऐकायची गोष्ट. बी-१२.

हे जीवनसत्त्व वनस्पतीत नाही. शेणखताच्या भाजीतून मिळतं, स्पिरुलिनातून मिळतं, न धुतलेल्या गाजरातून मिळतं, हे सगळं सांगणाऱ्यांना नमस्कार करा आणि औषधाच्या दुकानात जा. दिवसाला अवघे दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतात, पण ते मिळाले नाहीत तर हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, नसा खराब होतात, आणि काही नुकसान भरून येत नाही. डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा, वर्षातून एकदा रक्त तपासा. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. जनावरावर दया करताना पोटातल्या बाळाला विसरायचं नसतं.

"बघा, म्हणजे दूधच बरं!" थांबा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. त्यांतल्या बहुतेक बायकांत बी-१२ कमी निघालं. त्या बायका वीगन नव्हत्या. घरच्या गोठ्यातलं दूध घरच्या सुनेच्या पेल्यात किती येतं, हा प्रश्न आपण कधी विचारला?

दही सोडणं मात्र मला जड गेलं. चहा सुटला, तूप सुटलं, पण फुणके-कढी सुटेना. वाफवलेले डाळीचे फुणके आणि वर लसणाच्या फोडणीची कढी, हे काय आयुष्यातून वजा करायचं?

मग शेंगदाण्याचं दही लावायला शिकलो. दोन वाट्या शेंगदाणे रात्रभर भिजवायचे. सकाळी चोळून सालं काढायची, पाणी घालत गुळगुळीत वाटायचं, पातळ फडक्यातून पिळून घ्यायचं. ते उकळायचं आणि ढवळत राहायचं, नाहीतर बुडाशी धरतं. कोमट झालं की सात-आठ हिरव्या मिरच्यांचे देठ त्यात बुडवून रात्रभर झाकून ठेवायचं. विरजण देठांवरच असतं. पहिल्या खेपेला घाई केली, गरम दुधातच देठ टाकले, सकाळी नुसतं पाणी आणि वर मिरच्या. दुसऱ्या खेपेला बोट बुडवून पाहिलं, थांबलो, आणि सकाळी भांडं तिरपं केलं तर दही हललं नाही. उरलेला चोथा वांग्याच्या भाजीत गेला.

आईने त्याचीच कढी केली. दोन घोट घेतले. "आंबट कमी हाये," म्हणाली, आणि पुढच्या वेळी दही आणखी चार तास ठेव म्हणून सांगितलं.

लग्नसराईत वरण-बट्टीची पंगत चुकत नाही. तिथे सूत्र एकच: वाढप्याला नाही, आचाऱ्याला गाठा, आणि पंगत बसायच्या आत. तूप पडण्याआधीच्या दोन बट्ट्या बाजूला निघतात. तेवढ्याने कुणाचा मानपान दुखावत नाही. ताटावर बसल्यावर भाषण दिलं तर दुखावतो, आणि तो दुखवायचा हक्क आपल्याला नाही.

आखाजीला मात्र मला धाकधूक होती. आई खापरावर मांडे करते. आमच्याकडे मांड्यावर तुपाची धार आणि वाटीत आमरस, त्या रसात दूध. वर्षातला तो एक दिवस तिचा असतो. त्या दिवशी तिला नाही कसं म्हणायचं, याचा मी आठ दिवस विचार करत होतो.

पाटावर बसलो. तिने मांडा वाढला, कोरडा. मग आतून झाकलेली एक वाटी आणली. रसात दूध घालायच्या आधीच तिने ती काढून ठेवली होती. "केसर हाये, गोडच हे," म्हणाली आणि तुपाची तांबली घेऊन भावाच्या ताटाकडे वळली.