सोवळ्यातला लिनक्स

(रात्रीचे साडेअकरा. फोनच्या एका टोकाला भाचा, त्याच्यासमोर काळा पडदा. दुसऱ्या टोकाला मावशी. उभी हयात सर्व्हर रूममध्ये काढून नुकतीच निवृत्त झालेली.)

भाचा : मावशी, झोपली होतीस का?

मावशी : साडेअकराला फोन करून हे विचारतोयस, म्हणजे काहीतरी मोडलंय. काय मोडलंस?

भाचा : मी काहीच केलं नाही. मशीन बूट होत नाहीये.

मावशी : काहीच न करता मशीन बसत नाही रे. बंद करायच्या आधी काय चाललं होतं?

भाचा : काही नाही. म्हणजे... थोडी साफसफाई.

मावशी : अरे देवा. पडद्यावर काय आलंय ते वाच. जसंच्या तसं. तुझं मत मध्ये घालू नकोस.

भाचा : ‘गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टम डिव्हाइस.’ मग ‘कॉमन प्रॉब्लेम्स’ म्हणून काही ओळी. मग ‘अलर्ट’, एक लांबलचक यूयूआयडी, ‘डज नॉट एक्झिस्ट. ड्रॉपिंग टू अ शेल.’ सगळ्यात खाली कंसात इनिट्रॅमएफएस, आणि कर्सर लुकलुकतोय. डिस्क गेली ना गं? त्यात माझा प्रबंध आहे!

मावशी : ‘कॉमन प्रॉब्लेम्स’मध्ये शेवटचं काय लिहिलंय?

भाचा : ‘मिसिंग मॉड्यूल्स’.

मावशी : मग प्रबंध बहुधा जागेवर आहे. डिस्क धडधाकट असावी, तिला ओळखणारं कुणी उरलेलं नसेल इतकंच. आता सांग, साफसफाईत काय काढलंस?

भाचा : ईयूडेव्ह.

(शांतता.)

भाचा : मावशी? आहेस ना?

मावशी : आहे. चष्मा शोधतेय. का काढलंस?

भाचा : तत्त्वाचा प्रश्न होता.

मावशी : मध्यरात्री फोन येतात ते तत्त्वाच्याच प्रश्नांचे. बोल.

भाचा : मला सिस्टमडी नको आहे.

मावशी : तू देवुआन वापरतोस. देवुआन निघालंच मुळी 2014 साली, डेबियनमधून सिस्टमडी वगळायला. तुझ्या मशीनवर सिस्टमडी औषधालासुद्धा सापडायचं नाही.

भाचा : पण ईयूडेव्ह मुळात यूडेव्हच ना? आणि यूडेव्ह 2012 साली सिस्टमडीच्या घरात गेलं.

मावशी : आणि त्याच वर्षी डिसेंबरात जेंटूवाल्यांनी ‘आम्हाला त्या घरात नांदायचं नाही’ म्हणून ईयूडेव्ह वेगळं काढलं.

भाचा : वेगळं निघालं तरी वंश तोच.

मावशी : म्हणजे सोवळं नेसून देवघरात बसलेल्याला तू उठवलंस, का तर त्याच्या पणजोबांना कधीकाळी ओवळ्याचा स्पर्श झाला होता! बरं, ज्यांनी हे बंड केलं त्या जेंटूवाल्यांनीच 2021 मध्ये ‘आता आम्ही हे सांभाळत नाही’ असं जाहीर केलं, ठाऊक आहे का? मग देवुआन, अल्पाइनच्या माणसांनी ते उचलून धरलं. तुझ्या पक्षाची चार माणसं त्यावर रात्री जागवतात, आणि तू तेच उपटून टाकलंस. जागी काय बसवलंस?

भाचा : बिझीबॉक्समधलं एमडेव्ह. एवढंसं आहे, सुटसुटीत. अल्पाइनमध्ये छान चालतं.

मावशी : अल्पाइनमध्ये चालतं, कारण तिथे डिस्क कुणी शोधायची याची सोय आधीच करून ठेवलीय. तुझ्याकडे ते काम ईयूडेव्ह करत होतं. आणि ऍप्टनं तुला काढू कसं दिलं?

भाचा : नव्हतं देत. ‘याच्याबरोबर हेही निघेल’ म्हणून दोन पडदे भरून यादी दाखवली. शेवटी ऍप्टला बाजूला ठेवलं आणि डीपीकेजीला ‘फोर्स-डिपेंड्स’ सांगितलं.

मावशी : ऍप्ट नाही म्हणाला तर का नाही म्हणतोस ते विचारायचं असतं रे. तोंड दाबायचं नसतं. जाऊ दे. ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुनं कर्नल असेल. त्याच्या इनिट्रॅमएफएसमध्ये ईयूडेव्ह अजून असणार. त्यानं बूट कर, पाच मिनिटांत सुटशील.

भाचा : करून पाहिलं. तिथेही हेच येतं.

मावशी : कसं येईल? अपडेट-इनिट्रॅमएफएसला नुसतं ‘यू’ दिलं तर एकट्या नव्या कर्नलचा बदलतो.

भाचा : मी ‘के ऑल’ पण दिलं होतं. सगळीकडे एकसारखं असावं म्हणून.

मावशी : वा! घर पेटवताना मागचं दार आठवणीनं लावून घेणारा पहिलाच तू. लाइव्ह पेन ड्राइव्ह?

भाचा : होता. त्यावर बाबांना सोसायटीच्या गणपतीचे फोटो भरून दिले.

मावशी : मग आहेस तिथूनच बाहेर पडू. त्या कंसापुढे टाइप कर : मॉडप्रोब एएचसीआय.

भाचा : टाइप होत नाहीये. कीबोर्ड मेलाय.

मावशी : यूएसबीचा आहे?

भाचा : हो. म्हणजे तोही गेला का?

मावशी : कुणी गेलेलं नाही! ऐक. कर्नलला नवं काही सापडलं, डिस्क म्हण, कीबोर्ड म्हण, की ते पुकारा करतं : ‘अमुक जातीचं उपकरण आलंय हो.’ तो पुकारा ऐकून योग्य तो ड्रायव्हर उचलायचा, हे ईयूडेव्हचं काम. ड्रायव्हर सगळे तिथेच आहेत, इनिट्रॅमएफएसमध्ये. पुकाराही होतोय. ऐकणाऱ्याला तू काल घालवलंस.

भाचा : म्हणजे मशीन म्हणतंय ‘कमांड दे’, आणि कमांड द्यायला कीबोर्ड नाही?

मावशी : मशीनच्या मागे जांभळं गोल भोक आहे का? पीएस-टू म्हणतात ते. त्याचा ड्रायव्हर बहुधा कर्नलमध्येच भरलेला असतो, त्याला कुणाच्या मध्यस्थीची गरज पडत नाही.

भाचा : भोक आहे. तसा कीबोर्ड कुठून आणू?

मावशी : ताई जुनं काही टाकत नाही. माळ्यावर बघ.

(स्टूल सरकल्याचा आवाज. पातेलं पडल्याचा आवाज. ‘एवढ्या रात्री काय उपसतोयस?’ असा लांबून आलेला आवाज. बराच वेळ जातो.)

भाचा : सापडला! पिवळा पडलाय. लावला, मशीन पुन्हा चालू केलं. मावशी, अक्षरं उमटतायत गं!

मावशी : शाबास. मॉडप्रोब.

भाचा : ... एम उमटत नाही.

मावशी : जोरात दाब.

भाचा : दाबला. उदबत्तीची काडी घालून पाहिली. एक एम सोडून सगळं उमटतंय.

मावशी : मॉडप्रोबमध्ये एम, इन्समॉडमध्ये एम, माउंटमध्ये एम. (हसते) इतक्या वर्षांच्या नोकरीत असला मुहूर्त नाही बघितला. थांब हं. एम आपण बनवून घेऊ.

भाचा : बनवून?

मावशी : अष्टमानात एमचा क्रमांक 155. मी सांगते ते एका ओळीत लिही. ए, बरोबरचं चिन्ह, डॉलर, कंस उघड. प्रिंटएफ. जागा सोड. एकेरी अवतरण, उलटी तिरकी रेघ, एक पाच पाच, अवतरण बंद, कंस बंद. एंटर.

भाचा : काही झालं नाही.

मावशी : काही झालं नाही म्हणजे झालं. आता ‘ए’मध्ये एम बसलाय. पुढे लिही : डॉलर, महिरपी कंसात ए, आणि त्याला चिकटून ओडीपीआरओबीई. जागा सोडून एक्सएचसीआय, खालची रेघ, पीसीआय.

भाचा : लिहिलं. एंटर. गप्प आहे.

मावशी : तसंच यूएसबीएचआयडी. मग एचआयडी, खालची रेघ, जेनेरिक.

भाचा : मावशी! यूएसबी कीबोर्डचा दिवा लागला!

मावशी : आता त्याच्यावरून चालू ठेव. मॉडप्रोब एएचसीआय. मग मॉडप्रोब एसडी, खालची रेघ, मॉड. एम मनसोक्त दाब. मग एलएस स्लॅश डेव्ह करून एसडीए दिसतं का बघ.

भाचा : दिसतंय! एसडीए, एसडीए-वन, एसडीए-टू! पण ही नावं तर यूडेव्हच तयार करतं ना? मग कुठून आली?

मावशी : ती 2009 पासून कर्नल स्वतः करतं, डेव्हटीएमपीएफएसमध्ये. त्याच्या आधीच्या गोष्टी नकोच विचारूस. माझ्या उमेदवारीच्या काळात स्लॅश डेव्हमध्ये फायलींची जत्रा भरलेली असायची, मशीनला ती उपकरणं जोडलेली असोत वा नसोत. मग कर्नलमध्ये डेव्हएफएस आणलं, त्याच्यावरून भांडणं झाली. 2003 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमननं यूडेव्ह आणलं, आणि 2006 मध्ये डेव्हएफएस कर्नलमधून काढून टाकलं. ही जागाच वादाची आहे. एक्झिट लिही.

भाचा : एक्झिट. पुढे सरकलं! ओळी धावतायत... लॉगिन आलं! मी आता डेस्कटॉप उघडतो.

मावशी : खबरदार! एक्सला माउस आणि कीबोर्ड कोण दाखवतं? तेच, तू काढलेलं. चित्र सुंदर येईल आणि बाण ढिम्म हलणार नाही. काळ्या पडद्यावरच रूट म्हणून लॉगिन कर. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही हातानंच उचलावा लागेल. कुठलं कार्ड आहे?

भाचा : रियलटेक.

मावशी : मॉडप्रोब आर 8169. इंटरफेस चालू कर, पत्ता मिळू दे. मिळाला? आता ऍप्ट इन्स्टॉल ईयूडेव्ह. आणि काही विचारलं तर या वेळी वाचून उत्तर दे.

(पाच-सात मिनिटं. मध्ये एकदा मावशीची जांभई.)

भाचा : झालं. शेवटी आपणहून इनिट्रॅमएफएस बांधतोय म्हणाला. रीबूट केलं... लॉगिन... डेस्कटॉप... बाण हलतोय!

मावशी : प्रबंध उघडून बघ. आणि त्याची प्रत कुठेतरी ठेव. ताईच्या माळ्यावर नको.

भाचा : ठेवतो. पण मावशी, एक विचारू?

मावशी : नको.

भाचा : प्रोसेसच्या यादीत ‘यूडेव्हडी’ असं नाव दिसतंय. हे सिस्टमडीवालं तर नाही ना?

मावशी : त्यांचं नाव सिस्टमडी-यूडेव्हडी. तुझं नुसतं यूडेव्हडी. ते ईयूडेव्हचंच.

भाचा : पण 2012 च्या आधीचा कोड दोघांचा एकच ना?

मावशी : एकच. तुला वाटत असेल तर तू आंघोळ कर. मशीनला घालू नकोस.