भंडारदरा पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

भंडारदऱ्याला जायचं ठरलं की पहिली पायरी म्हणजे शनिवार धरणे. आठवड्यात बाकीचे वारही असतात, पण त्या दिवसांत रस्ता मोकळा मिळतो, भाकरी तव्यावरून थेट ताटात येते आणि मागून हॉर्न मारणारं कोणी नसतं. अशा वातावरणात नवशिक्याला आपण पर्यटनाला आलो आहोत हे कळायचं कसं? म्हणून शनिवारच. त्यातही जूनच्या पहिल्या आठवड्यातला मिळाला तर उत्तम, किंवा पंधरा ऑगस्टला जोडून आलेला.

मुंबईकराने कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी आणि तिथून उजवीकडे वळावं. पुणेकराने संगमनेर, अकोले, राजूर करत यावं. दोघेही शेवटी शेंडी गावात, धरणाच्या तोंडाशी, एकमेकांसमोर गाड्या आडव्या घालतात आणि 'या लोकांना शिस्तच नाही' असं एकाच वेळी म्हणतात. इथे प्रवेशाचा धडा संपला.

पाणी पाहणे

समोर जे निळं पसरलेलं दिसतं ते तलाव नव्हे, धरणाची साठवण आहे. हे आधीच समजलेलं बरं, म्हणजे मे महिन्यात येऊन 'अरे, पाणी कुठे गेलं?' असं विचारायची वेळ येत नाही. रतनगडावरून उतरणाऱ्या प्रवरेला अडवायचं काम इंग्रजांनी 1910 साली हाती घेतलं, 1926 साली ते पुरं झालं आणि धरणाला मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव मिळालं. उंची सुमारे 82 मीटर, पोटात 11 टीएमसी पाणी. जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. एवढी माहिती गाडीतल्या मुलांना दिली की पालकांचं शैक्षणिक कर्तव्य पार पडतं.

जे सांगायचं राहतं ते असं, की हे पाणी पाहायला येणारे आपण असलो तरी त्याचे धनी खाली बसलेले आहेत. संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडचा ऊस या साठ्यावर उभा राहिला. सहकारी साखर कारखानदारीचं जे प्रवरानगर आपण शाळेच्या पुस्तकात वाचलं, त्याची मुळं या पाण्यात आहेत. 'आवर्तन कधी सुटणार' हा प्रश्न खालच्या गावांत पंचांगाइतक्याच गांभीर्याने विचारला जातो, आणि जायकवाडीसाठी किती सोडायचं यावरून नगर-नाशिकवाले आणि मराठवाड्यातले आमनेसामने येतात. काठावर उभं राहून काढलेल्या फोटोत हे काही येत नाही. ज्या डोंगरांवर हा पाऊस पडतो, तिथल्या वाड्यावस्त्यांना मात्र उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी हंडे घेऊन हिंडावं लागतं. याच डोंगरांतल्या घाटघरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तो पडल्या पावली कोकणात नाहीतर धरणात निघून जातो. फोटोत हेही येत नाही.

अंब्रेला फॉल हा इथला लाडका धबधबा. धरणाच्या मोरीतून सोडलेलं पाणी खालच्या गोल खडकावर येतं आणि छत्रीच्या आकारात पसरतं. तो चालू-बंद करणं जलसंपदा खात्याच्या हातात असतं. बंद असल्यास हॉटेलवाल्याशी भांडावं. त्याच्याकडे धरणाची चावी नसते, पण भांडल्याने भूक चांगली लागते. पुढे रंधा धबधब्यावर जावं. तिथे प्रवरा सुमारे 170 फूट खाली उडी घेते. कठड्याच्या अलीकडून तो उत्तम दिसतो. कठड्याच्या पलीकडून फोटो जास्त चांगला येतो असं समजणारे पर्यटक दर पावसाळ्यात निघतात, आणि मग बातमीत त्यांचं वय छापून येतं.

कळसूबाई चढणे

उंची 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. चढाई बारी गावातून. नवशिक्याने हे शिखर भर पावसाळ्यात चढावं अशी रूढी आहे. वर अलंग, मदन, कुलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याचं सगळं पाणी एका नजरेत येतं, असं ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलेले लोक सांगतात. जुलैत गेलेल्यांना धुकं दिसतं, आणि धुक्यात पुढच्या माणसाची पाठपिशवी. ती पाहायला हजारोंनी लोक रात्री दोन वाजता निघतात. वाटेतल्या लोखंडी शिड्यांवर रांग लागते, आणि रांगेत हमखास एकजण स्पीकर घेऊन आलेला असतो. त्याने सगळ्या डोंगराला आपली आवड ऐकवावी, ही त्याची सेवा. त्याच्या मागच्याने ती शिडी संपेपर्यंत सहन करावी, ही आपली तपश्चर्या.

वर देवीचं लहानसं देऊळ आहे. देवीची कथा मात्र पायथ्याशीच ऐकून घ्यावी, कारण वर गेल्यावर दम ऐकू देत नाही. कळसू ही कोळ्याची पोर. रानात भटकायची आवड असलेली ही मुलगी पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली ती अट घालून: बाकी सगळं करीन, पण भांडी घासणार नाही आणि झाडलोट करणार नाही. एके दिवशी घरी पाहुणे आले आणि कोणीतरी तिला भांडी घासायला सांगितलंच. तिने ती घासली आणि तडक डोंगराची वाट धरली, ती कायमची. भांडी जिथे घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

ज्या बाईने खरकट्यावरून घर सोडलं, तिच्या दारात आपण कागदी प्लेटा, पाण्याच्या बाटल्या आणि नूडल्सचे कप ठेवून येतो. महाराष्ट्रात नवसाला पावणाऱ्या देवी पुष्कळ आहेत. आपल्या मागून आवरणारी एकही नाही, आणि असलीच तर ती ही नव्हे. वाटेत मामा-मावशींच्या टपऱ्यांवर लिंबू सरबत, भजी, चहा मिळतो. वर बिसलेरी महाग का म्हणून हुज्जत घालण्याआधी ते खोकं कोणाच्या डोक्यावरून वर आलं, हे शिड्यांकडे बघून मनात मोजावं.

काजवे

हा धडा अवघड आहे, कारण यात काहीच करायचं नसतं.

मेच्या शेवटी, वळवाचे दोन-चार शिडकावे झाले की हिरडा, बेहडा, सादडा, उंबर, जांभूळ अशी झाडं रात्री पेटतात. एखादं झाड निवडून हजारो काजवे त्यावर जमतात आणि बघता बघता सगळे एका ठेक्यात चमकू लागतात. हा जमाव नरांचा. माद्या त्यांच्याकडे बघून निवड करतात. काजवा हा एक भुंगेरा. त्याचं बरंचसं आयुष्य अळीच्या रूपात, ओल्या पाल्यापाचोळ्यात गोगलगायी खात जातं, आणि पंख फुटल्यावर हाती मोजके आठवडे उरतात. त्या आठवड्यांत त्याला लग्न जमवायचं असतं. तेवढ्यात जोराचा पाऊस आला की मांडव उठला.

अशा वेळी पर्यटकाने झाडाखाली गाडी लावून हेडलाइट झाडावर मारावेत. मग मोबाइलचा टॉर्च लावून पाहावं की काजवे का दिसत नाहीत. पोरांनी फांदी हलवावी. एकाने काजवा बाटलीत भरावा. दुसऱ्याने फ्लॅश मारून फोटो काढावा, ज्यात काळोख आणि मेव्हण्याचा कान येतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. त्यातल्या या मोजक्या रात्रींसाठी वनखातं नाक्यावर माणसं उभी करतं आणि सूचना देतं, त्या सगळ्यांचा सारांश एवढाच की दिवे बंद करा. अंधाराला डोळे सरावायला थोडा वेळ जातो. तो वेळ बहुतेक गाड्या देत नाहीत. काजव्यांच्या रात्री घाटघरच्या रस्त्यावर जेवढा उजेड असतो, तेवढा गावात दिवाळीलाही नसतो.

एक सोपा उपाय. गावातल्या एखाद्या दादाला सोबत घ्या, गाडी गावातच ठेवा आणि तो नेईल तिथे चालत जाऊन गप्प बसा. पैसे त्याला मिळतील, झाड आपल्याला मिळेल. इतकं साधं असूनही हे कोणी करत नाही, त्यामुळे ते अजून चालतं.

उरलेली स्थळे

साम्रद गावाजवळची सांदण दरी म्हणजे कातळाला पडलेली खोल, अरुंद नाळ. आत ऊन क्वचितच पोहोचतं आणि वाट मोठमोठ्या धोंड्यांवरून जाते. पावसाळ्यात तीच वाट ओढ्याची असते, आणि वरच्या अंगाला कुठेतरी सर आली तर आतल्या माणसाला ती पाणी आल्यावरच समजते. पावसात सांदण बंद. यात विनोद नाही.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर मात्र पावसातच पाहावं. काळ्या दगडावरची नक्षी ओली झाली की उठून दिसते. शेजारी पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. पायऱ्यांवर लग्नाआधीचं चित्रीकरण चालू असल्यास नवरा-नवरीला शुभेच्छा देऊन बाजूने जावं. रतनगडाच्या माथ्यावर आरपार नेढं आहे. तिथे बसल्यावर वारा माणसाला फार वेळ बसू देत नाही.

रतनवाडीच्या रस्त्याला जुलैत दोन्ही बाजूंनी आवणी चाललेली दिसेल. खाचरात गुडघाभर चिखलात बायामाणसं वाकून भाताची रोपं लावत असतात. हिरव्या पार्श्वभूमीसाठी बांधावरून खाचरात उतरू नये. ते कोणाचं तरी वर्षाचं धान्य आहे. चिखल मऊ असतो हे खरं, पण आपल्या बुटाखाली आलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. भर पावसात निवांत उभी असलेली काळी-पांढरी डांगी जनावरं बघून 'बिचारी भिजतायत' असं म्हणू नये. हा वाण इथल्या पावसाचा आहे. बिचारे आपण आहोत.

भोजन

शेंडीत पोहोचल्यावर जेवण सांगून ठेवावं आणि मग फिरायला जावं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा वाफाळता भात. हे समोर असताना पनीर टिक्का मागवणाऱ्याला हॉटेलवाला तो आणून देतो. त्याला फार जवळून बघू नये. अकोले हा राहीबाई पोपेरे यांचा तालुका. कोंभाळण्याच्या या बाईंनी गावरान वाणांचं बी जपलं, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या तालुक्यात येऊन मंचुरियन खाणं कायद्याने गुन्हा नाही, एवढंच.

परतणे

रविवारी चार वाजता सगळे एकदम निघतात. त्यामुळे निघण्याची सर्वांत वाईट वेळ चार. एक तर सकाळीच निघा, नाहीतर सोमवारची रजा टाका. पुणेकरांना राजूर वाटेतच लागतं. मुंबईकरांना वाकडी वाट करावी लागेल, पण राजूरचे पेढे त्या वळशाला पुरून उरतात. कचऱ्याची पिशवी गाडीतच ठेवा आणि घरी नेऊन टाका. आणि पुढच्या खेपेला बुधवारी या.