पोयटावाले आप्पा

जळगावच्या महाबळ कॉलनीत जा, पिंप्राळ्याला जा, नाहीतर धुळ्याच्या देवपुरात. मे महिना, पारा ४५ वर. शहाणी माणसं कूलरपुढे आडवी झालेली असतात आणि एक गृहस्थ डोक्याला उपरणं गुंडाळून रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगाला मेजर टेप लावत असतात. हे आप्पा. प्रत्येक कॉलनीला एक तरी असतोच. बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त, गावाकडे वाटणीची थोडी कपाशीची जमीन, मुलगा पुण्याला. मुलाच्या सोसायटीतलं लॉन त्यांनी पाहिलेलं असतं आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस जळगाव स्टेशनात शिरेपर्यंत स्वतःच्या अंगणाचा आराखडा तिकिटाच्या पाठीमागे काढून झालेला असतो.

अंगण वीस बाय तीस, म्हणजे ६०० चौरस फूट. त्यावर दोन इंच माती म्हटली तर बरोबर १०० घनफूट. म्हणजे एक ब्रास! हिशेब इतका चोख बसतो की आप्पांना त्यात दैवी संकेत दिसतो. पुढे नर्सरीवाला सांगतो, ‘‘खाली मुरूम आहे ना? मग सहा इंच तरी टाका.’’ दैवी संकेत जागच्या जागी तीन ब्रासचा होतो.

माती कोणती, यावर आप्पा महिनाभर बोलू शकतात. आणि बोलतात. नुसती काळी नको. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात अशी भेगाळते की नातवाचा चेंडू आत जातो. नुसती लाल नको, तिला ओल धरवत नाही. पाहिजे तो नदीकाठचा पोयटा, त्यात थोडी वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत. कुजलेलंच, कारण कच्च्या शेणखतातून हुमणी येते. मध्येच त्यांना सरकारी योजना आठवते. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ निघाली, तेव्हापासून आटलेल्या तलावांतला गाळ शेतकऱ्यांच्या शेतात जातो. आप्पांचं नाव सातबाऱ्यावर आहे, त्यामुळे ते शेतकरी आहेतच. फक्त त्यांचं शिवार फाटकापासून ओट्यापर्यंत आहे, हे पटवून घेणारा साहेब अजून त्यांना भेटलेला नाही.

शेवटी पहिली ट्रॉली येते. ट्रॅक्टरवाला म्हणतो, एक ब्रास पक्का. आप्पा टेप काढतात. लांबी, रुंदी, उंची, वरच्या शिगेचं वेगळं गणित, कोपऱ्यातल्या पोकळीची वजावट. उत्तर येतं ८२ घनफूट. त्यातही माती भुसभुशीत आहे, पाणी पडलं की बसेल, तेव्हा खरी ७० धरा, असं ते ऐकवतात. ट्रॅक्टरवाला घाम पुसत म्हणतो, ‘‘आप्पा, माटी शे, सोनं नही!’’

पण जळगावच्या माणसाला हे सांगून काय उपयोग? ज्या गावात बायका डाग मोडायला जाताना घरून वजन करून जातात, तिथे आप्पांनी मातीचा कस लावला तर नवल काय. ते मूठभर माती ओली करून तिचा लाडू वळतात, अंगठ्याने दाबतात. लाडू फुटला तर वाळू जास्त, चिकटून बसला तर चिकण जास्त. मग काकूंची लोणच्याची काचेची बरणी पळवली जाते. त्यात माती आणि पाणी घालून, खळखळून हलवून बरणी खिडकीत ठेवतात. तळाशी आधी वाळू बसते, तिच्यावर गाळ, सगळ्यात शेवटी चिकण. आप्पा पट्टीने थर मोजून वहीत लिहितात. काकू त्या वर्षी कैरी स्टीलच्या डब्यात घालतात आणि जेवताना त्याची आठवण करून देतात.

हा खेळ चालू असताना ट्रॅक्टरवाला ओट्यावर पाणी पीत बसलेला असतो. घराकडे बघत तो सहज म्हणतो, ‘‘ह्या लाइनीतले पाये खोदले तेव्हा इथली माती आमच्या बापानेच वाहिली.’’ आप्पांची पट्टी थांबते. गोष्ट खरी असते. ही अख्खी कॉलनी म्हणजे कुणाचं तरी कपाशीचं शेत. काळ्या मातीवर घर बांधलं तर भिंती तडकतात, म्हणून प्रत्येकाने ती खणून काढली, न्यायचे पैसे दिले आणि मुरूम आणून भरला. मुरुमाचेही पैसे दिले. आता मुरुमावर टाकायला माती विकत. ‘‘तेव्हा ब्रासला काय दिले होते हो आपण?’’ आप्पा आत हाक मारून विचारतात. आतून उत्तर येत नाही, फक्त भांडं आपटल्याचा आवाज येतो.

ढीग रस्त्यावर राहतो. पोरं त्यावरून घसरतात, मांजरं आपली सोय करतात, आणि संध्याकाळी फिरायला निघालेल्या सभ्य लोकांच्या हातात कॅरीबॅग दिसू लागते. कुंडीपुरती, तुळशीपुरती. आप्पा दर सकाळी ढीग मोजतात.

पसरण्याचं काम तसं एका सकाळचं. पण मजुराने फावडं मारायचं आणि आप्पांनी लेवलच्या नळीतलं पाणी बघत ‘‘अजून अर्धा इंच!’’ म्हणायचं, असं ते तीन दिवस चालतं. उतार घराकडून फाटकाकडे हवा, हे आप्पांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. मात्र नंतर ते स्वतः धुम्मस हातात घेतात आणि माती इतकी चोपतात की मजूर विचारतो, डांबर कधी येणार?

पहिल्या पावसात अंगण हिरवंगार होतं. गवत अजून लावलेलंच नसतं, हा लव्हाळा. पोयट्याबरोबर गाठी फुकट आलेल्या, त्या मात्र कुणी मोजल्या नव्हत्या. आप्पा वाकून एकेक गाठ खणतात. मग चौरस फुटाच्या भावाने नर्सरीतलं लॉन येतं. लॉन म्हणजे काय, तर हरळीच! त्यांच्या वडिलांनी जन्मभर कुळवाने ओढून बांधावर फेकली तीच, फक्त बारीक पानाची आणि बिलासकट. नळाला दिवसाआड पाणी. त्यातलं पहिलं लॉनला, उरलेलं घरच्यांना.

उरलेला ढीग नवरात्रापर्यंत टिकतो. घट बसवायला गल्लीतल्या बायका माती मागायला येतात, तेव्हा आप्पा उदार होऊन ओंजळीने देतात आणि वर सांगतात, ‘‘गव्हाला चालेल, सामू आठच्या आसपास आहे.’’

दिवाळीत गावाकडचा थोरला चुलतभाऊ फराळाला येतो. आप्पा त्याला चप्पल काढायला लावून लॉनवर उभा करतात आणि काही न बोलता त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. तो खाली बघतो. खाली बसतो, चार काड्या उपटून मुळं बघतो आणि काळजीच्या सुरात म्हणतो,

‘‘आप्पा, हरळी भलती माजनी रे. निंदाले बाया धाडू का?’’